अमेरिकेत मुलांकडे सहा महिने राहायला जाताय? या चुका टाळा

व्हिसा हातात पडला आणि तिकीट निघालं की घरात पहिली चर्चा सुरू होते ती बॅगांची. भाजणी किती, मेतकूट कुणी करायचं, लोणच्याची बरणी फुटणार तर नाही ना. हे सगळं शेवटच्या चार दिवसांतही होतं. डॉक्टरांचं इंग्रजी पत्र, औषधांचा साठा, विम्याची अट आणि बँकेचा ओटीपी ही कामं मात्र चार दिवसांत होत नाहीत, आणि परदेशात अडतं ते नेमकं इथेच. त्यामुळे निघायच्या किमान महिनाभर आधी या कामांना हात घाला.

व्हिसाची तारीख म्हणजे मुक्कामाची तारीख नव्हे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. बी१/बी२, म्हणजे पाहुणे-पर्यटकांचा व्हिसा बहुधा दहा वर्षांचा मिळतो. त्या तारखेपर्यंत तुम्ही अमेरिकेच्या दारात उभे राहू शकता, एवढाच त्याचा अर्थ. आत किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा इमिग्रेशन अधिकारी ठरवतो आणि ते ‘आय-९४’ नावाच्या नोंदीत लिहिलं जातं. सहसा सहा महिने मिळतात, पण तो हक्क नाही. पासपोर्टची मुदत लवकर संपत असेल, तर काही वेळा त्याच तारखेपर्यंतचा मुक्काम दिला जातो. म्हणून पासपोर्टची मुदत कमी उरली असेल तर जाण्याआधीच नवा करून घ्या.

अनेक विमानतळांवर आता पासपोर्टवर शिक्काच मारत नाहीत. घरी पोचल्यावर एक-दोन दिवसांत मुलाला किंवा मुलीला सीबीपीच्या (अमेरिकेचं कस्टम्स आणि सीमा सुरक्षा खातं) आय-९४ संकेतस्थळावरून नोंद काढायला सांगा. त्यावरची ‘अ‍ॅडमिट अनटिल डेट’ ही तुमची खरी मुदत. तिच्या तीन प्रती काढा: एक पासपोर्टसोबत, एक मुलांकडे, एक रोज बाहेर पडताना खिशात किंवा पर्समध्ये. अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा असा तिथला कायदा आहे आणि पाहुण्यांसाठी आय-९४ हाच तो पुरावा.

नोंद सापडत नसेल तर घाबरू नका. बहुतेक वेळा घोटाळा नावाचा असतो. आपल्याकडे पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा पतीचं नाव एकत्र असतं. ते पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण टाका, नाहीतर नाव आणि आडनावाची अदलाबदल करून पाहा. व्हिसा जुन्या पासपोर्टवर आणि प्रवास नव्यावर झाला असेल, तर दोन्ही क्रमांक टाकून बघा. तारीखच चुकीची पडली असेल, तर सीबीपीचं ‘डिफर्ड इन्स्पेक्शन’ कार्यालय ती दुरुस्त करतं. हे काम पहिल्याच आठवड्यात करा. सहाव्या महिन्यात चूक कळली तर हाताशी वेळच उरत नाही.

मुदतीपेक्षा एक दिवस जरी जास्त राहिलात तरी तो दहा वर्षांचा व्हिसा आपोआप रद्द होतो. १८० दिवसांहून जास्त राहून बाहेर पडलात तर तीन वर्षं प्रवेशबंदी, वर्षाहून जास्त राहिलात तर दहा वर्षं. म्हणून परतीचं तिकीट मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवसाचं काढू नका, दहा-पंधरा दिवस राखून ठेवा. आजारपणामुळे खरंच निघता येत नसेल, तर मुदत संपण्याआधी ‘आय-५३९’ हा मुदतवाढीचा अर्ज भरावा लागतो. तो निदान ४५ दिवस आधी भरावा असं तिथलं इमिग्रेशन खातं सांगतं. अचानक दुखणं आलं तर इतके दिवस मिळणार नाहीत, पण अर्ज मुदतीच्या आतच गेला पाहिजे, आणि सोबत डॉक्टरांचं पत्र हवं.

आणखी एक: नायगारा बघायला गेल्यावर ‘पलीकडून धबधबा छान दिसतो’ म्हणून कॅनडाच्या बाजूला जायचा बेत होतो. भारतीय पासपोर्टला कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो, अमेरिकेचा चालत नाही. आणि कॅनडात चार दिवस राहून आल्याने सहा महिने नव्याने सुरू होत नाहीत.

इमिग्रेशनच्या खिडकीवर

खरं तेच आणि थोडक्यात सांगा: मुलीकडे आलोय, नात झाली आहे, अमुक तारखेला परत जाणार. ‘बाळ सांभाळायला आलोय’ एवढंच तुटक वाक्य बोललात, तर समोरच्याच्या मनात कामाची शंका येऊ शकते आणि या व्हिसावर काम करता येत नाही. इंग्रजी अडत असेल तर दुभाषा मागा, त्यात कमीपणा नाही. मुलांचा पत्ता, फोन, परतीचं तिकीट हे कागदावर छापून हातातल्या बॅगेत ठेवा. फोनची बॅटरी संपलेली असते तेव्हा हाच कागद उपयोगी पडतो.

पुढे दुसरं विमान असेल, तर अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर सामान स्वतः उचलून, कस्टम्समधून नेऊन परत द्यावं लागतं, मुंबईत शेवटच्या गावापर्यंतचा टॅग लावलेला असला तरीही. हे माहीत नसल्याने बॅगा मागे राहतात. मध्ये तीन तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नका. अबू धाबीमार्गे जात असाल तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं आणि पुढे तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे उतरता. व्हीलचेअर हवी असेल तर किमान ४८ तास आधी विमान कंपनीकडे नोंदवा. पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं असली की मधल्या देशात बाहेर पडून सामान घ्यावं लागतं आणि तिथे व्हिसाचा प्रश्न उभा राहतो.

औषधं: इथे हयगय नको

मेडिकलवाल्याकडून मोजून कापून आणलेल्या गोळ्या डब्यात भरून नेऊ नका. पट्टी कापली की नाव आणि मुदत निघून जाते, आणि मग ती गोळी कसली हे ना कस्टम्सला कळत ना तिथल्या डॉक्टरला. अखंड पट्ट्या, मूळ खोकी, बिल, आणि डॉक्टरांनी टाइप केलेलं इंग्रजी पत्र. त्या पत्रात ब्रँडचं नाव पुरत नाही, औषधाचं मूळ नाव, मात्रा आणि दिवसातून किती वेळा हे लिहून घ्या. काही औषधांची नावं तिथे वेगळी आहेत: पॅरासिटामॉल तिथे अ‍ॅसिटामिनोफेन, सालब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल, ग्लिबेन्क्लामाइड तिथे ग्लायब्युराइड. निमेसुलाइडला तिथे मान्यताच नाही. झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलाम, ट्रामाडॉल, कोडीन असलेली खोकल्याची औषधं ही नियंत्रित यादीतली. ती नेणं टाळता येत नसेल, तर पत्रात त्यांचा वेगळा उल्लेख हवाच.

नावं वेगळी असल्याने एक घातक गोष्ट होते. ताप आला म्हणून घरची क्रोसिन घेतली, मुलाने टायलेनॉल दिली, आणि रात्री सर्दीसाठी आणखी एक औषध. तिन्हीत एकच घटक असतो आणि जादा मात्रा यकृतावर बसते. सर्दीच्या पाकिटावर ‘अ‍ॅसिटामिनोफेन’ शब्द शोधा. रक्तदाब असेल तर नाक मोकळं करणारी औषधंही विचारल्याशिवाय घेऊ नका.

साठा किती न्यायचा? अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा ढोबळ नियम ९० दिवसांचा आहे. त्याहून जास्त दिवस राहणाऱ्यांना उरलेली औषधं नंतर मागवता येतात, पण पार्सलमध्ये पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, डॉक्टरांचं पत्र आणि चिठ्ठी जोडावी लागते. निघायच्या आधीच या कागदांचा एक संच भारतातल्या भावाकडे किंवा शेजाऱ्यांकडे ठेवून जा. भारतातल्या डॉक्टरची चिठ्ठी अमेरिकेतलं औषध दुकान स्वीकारत नाही, त्यामुळे ‘संपली तर तिथे घेऊ’ हा हिशेब चुकतो.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी पुढचा भाग दोनदा वाचावा. आपल्याकडे ह्युमन इन्सुलिनच्या कुप्या बऱ्याचदा ४० युनिट प्रति मिली असतात आणि त्यांची सिरिंज लाल झाकणाची. अमेरिकेत नेहमीचं इन्सुलिन १०० युनिट प्रति मिली, सिरिंज नारिंगी झाकणाची. काही जुनी ह्युमन इन्सुलिनं तिथे बहुतेक राज्यांत चिठ्ठीशिवाय मिळतात, म्हणून मुलगा चांगल्या हेतूने आणून देतो. ते इन्सुलिन आपल्या लाल सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर शरीरात २० नव्हे, ५० युनिट जातात. साखर इतकी घसरते की माणूस बेशुद्ध पडू शकतो. उलट केलंत, म्हणजे भारतातली कुपी आणि तिथली सिरिंज, तर २० च्या खुणेवर फक्त ८ युनिट जातात आणि साखर चढतच राहते. कुपी जिथली, सिरिंज तिथलीच. पेन वापरणाऱ्यांना ही अडचण सहसा येत नाही, कारण आपल्याकडची नेहमीची पेनंही १०० युनिटचीच असतात. इन्सुलिन नेहमी हातातल्या बॅगेत ठेवा, विमानाच्या पोटात ते गोठलं तर निकामी होतं. प्रवासाच्या दिवशी डोस कधी घ्यायचा हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. न्यूयॉर्कच्या बाजूला उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक पडतो. साखर तपासायच्या पट्ट्या इथूनच न्या. मापाचं एकक दोन्हीकडे तेच आहे.

दातांची आणि डोळ्यांची कामं निघण्याआधी उरका. प्रवासी विम्यात ती सहसा बसत नाहीत. चष्म्याची दुसरी जोडी न्याच.

विमा घेताना फक्त मोठा आकडा बघणं

‘एक लाख डॉलरचा विमा’ या शब्दांवर जाऊ नका. पहिला प्रश्न: योजना ठरावीक रकमेची आहे की व्यापक? ठरावीक रकमेच्या योजनेत प्रत्येक तपासणीला, खाटेला, शस्त्रक्रियेला एक छोटी मर्यादा असते आणि रुग्णालयाचं बिल तिच्या कितीतरी पट येतं. व्यापक योजनेत तुमचा ठरलेला वाटा भरल्यावर उरलेल्या खर्चाचा मोठा भाग कंपनी देते. भारतात घेतलेल्या पॉलिसीत साठीनंतर उपमर्यादा लागू होतात का, हेही तपासा. ही पॉलिसी निघण्याआधीच घ्यावी लागते.

दुसरा प्रश्न जुन्या आजारांचा. ‘अ‍ॅक्यूट ऑनसेट’ हे कलम असलं म्हणजे मधुमेह-रक्तदाब सगळं झाकलं गेलं असं लोक धरून चालतात. तसं नाही. जुन्या आजाराने अचानक, पूर्वसूचना न देता उचल खाल्ली आणि साधारण २४ तासांत उपचार घेतले, तरच ते कलम लागू होतं. नेहमीची तपासणी, गोळ्या, हळूहळू वाढलेला त्रास त्यात येत नाही. छातीत दोन दिवस दुखतंय आणि ‘उगाच मुलांना खर्च नको’ म्हणून गप्प बसलात, तर जिवाला धोका असतोच, शिवाय दावाही नाकारला जातो. या कलमाला वयाची अटही असते, ती सत्तरीची आहे की ऐंशीची ते वाचा. जुने आजार अर्जात लपवू नका.

साधा ताप, मुरगळलेला पाय, लघवीची जळजळ यासाठी ‘अर्जंट केअर’मध्ये जा. इमर्जन्सीचं बिल अनेक पटींनी मोठं असतं. मात्र छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, श्वास लागणं यात थेट ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. पैसे नाहीत म्हणून इमर्जन्सी विभाग तपासणी नाकारू शकत नाही, तसा कायदा आहे. भरती झालं की ठरलेल्या वेळेत विमा कंपनीला कळवायचं काम मुलांकडे द्या आणि पैसे भरण्याआधी बाबवार बिल मागा.

बॅगेत काय नको

कढीपत्ता नको. तो लिंबाच्या कुळातला, आणि त्यावरून येणारी कीड तिथल्या संत्र्यांच्या बागांना रोग देते. ताजी फळं, भाज्या, बी-बियाणं, मांस नको. तांदूळ आणि हरभरेही नकोत, खापरा भुंगा या धान्यातल्या किडीमुळे आपल्या देशातून त्यांना बंदी आहे. हापूस पेटीतून नेता येत नाही. अमेरिकेत जाणारा आपला आंबा लासलगावसारख्या केंद्रात विकिरण करून २००७ पासून व्यापारी मार्गानेच जातो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमान नियमांत आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतात, म्हणून त्या चेक-इनच्या बॅगेतूनही काढल्या जातात. दुबई किंवा अबू धाबीमार्गे जाताना खसखस अजिबात नको, तिथे ती बंदी असलेल्या पदार्थांत आहे.

पीठं आणि मसाले मोठ्या बॅगेत ठेवा. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ३५० मिलीहून जास्त पूड हातातल्या बॅगेत असली तर अडवली जाऊ शकते. आणि जे खाण्याचं आहे ते सगळं जाहीर करा. जाहीर केलेली मनाई असलेली वस्तू काढून घेतात, तेवढंच. लपवलेली सापडली तर पहिल्याच वेळी एक हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

घरातला मिक्सर नेऊ नका. तिथे १२० व्होल्ट असतात, आपली २३० व्होल्टची मोटर त्यावर चटणीही वाटत नाही. तिथल्या भारतीय दुकानांत त्यांच्या व्होल्टेजचा मिक्सर मिळतो. ज्या चार्जरवर १००–२४० लिहिलं आहे, त्याला फक्त पिन बदलून चालते.

तिथे राहताना

मोहरी तडतडली, मिरची पडली, की धुराचा अलार्म वाजतो. फोडणीआधी चुलीवरचा पंखा लावा, निरांजन-उदबत्ती अलार्मच्या खाली ठेवू नका, आणि कंटाळून त्याची बॅटरी काढू नका. काही इमारतींत अलार्म थेट अग्निशमन दलाशी जोडलेला असतो. इंडक्शन शेगडीवर अ‍ॅल्युमिनियमचा साधा कुकर तापत नाही. घराचा पत्ता मोठ्या अक्षरात फ्रिजवर लावा. दुपारी दोघंच घरात असताना ९११ ला तोच वाचून सांगायचा असतो.

भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच सुरू करून घ्या आणि सहा महिने पुरेल असं रिचार्ज करा, नाहीतर बँकेचा एकही ओटीपी येणार नाही. नोव्हेंबरात तिकडेच असाल तर निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्याची व्यवस्था आधीच बँकेला विचारून ठेवा. भारतीय दूतावासाकडून तो देता येतो, पण भेटीची वेळ आधी घ्यावी लागते आणि दूतावास मुलांच्या गावापासून विमानाच्या अंतरावरही असू शकतो.