उजनी कालव्याचं पाणी रीतसर घ्यायचंय? आधी गट बघा, मग अर्ज भरा

पाणी अर्जाची जाहिरात निघाली की गावात एकच सल्ला फिरतो, सात नंबर म्हणजे पाणी मागणीचा अर्ज भर, पाटावर पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला भेट, झालं काम. हे ऐकून ऐकून कान किटलेत. मोहोळ तालुक्यात कालव्याखाली आमची शेती आहे आणि घरचे, भावकीचे धरून सगळ्यांचे अर्ज कितीतरी वर्षं मीच भरतोय, म्हणून सांगतो, अर्ज भरणं हे सगळ्यात सोपं काम आहे. त्या पाण्यावर कायद्यानं आपला हक्क बसतो का हे आधी बघायचं असतं, आणि लोक अडकतात ते तिथंच.

पहिलं म्हणजे गट. कालवा बांधावरनं गेला म्हणजे पाणी आपलं असं नाही, गट लाभक्षेत्रात पाहिजे, म्हणजे कालव्याचं पाणी मिळायला ठरवलेल्या क्षेत्रात. जलसंपदा खात्याच्या सिंचन शाखेत जाऊन आपला गट कुठल्या चारीवर म्हणजे कालव्यातनं निघणाऱ्या छोट्या पाटावर, आणि त्याच्या कुठल्या दारावर लावलाय ते स्वतः बघा. अर्धा गट लाभक्षेत्रात आणि वरचा चढाचा अर्धा बाहेर असं बऱ्याच ठिकाणी असतं, आणि मंजूर गटाचं पाणी पाइप टाकून बाहेरच्या रानात नेलं की तो सरळ पंचनामा.

दुसरं, संस्था. २००५ च्या शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापन कायद्याखाली तुमच्या चारीवर पाणी वापर संस्था झाली असेल तर खातं एकट्याला पाणी देत नाही, संस्थेला मोजून देतं आणि तुम्ही संस्थेकडं मागणी करायची. लोक इथंच चुकतात, शाखेत अर्ज देऊन घरी बसतात आणि पाण्याची पाळी निघून जाते.

पारावर आणखी एक ठोकून देतात, दोनपेक्षा जास्त पोरं असली की पाणी बंद. चूक आहे हे. २००५ च्याच जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात दोनपेक्षा जास्त अपत्यं असणाऱ्याला शेतीच्या पाण्याला नेहमीच्या दराच्या दीडपट आकार लावायची तरतूद आहे, पाणी तोडायची नाही, आणि कायदा लागू व्हायच्या आधीच ज्यांना जास्त मुलं होती त्यांना, मुलांची संख्या पुढं वाढत नाही तोवर, त्यातनं सूट आहे. त्याच कायद्यात असंही आहे की प्राधिकरणानं अधिसूचना काढलेल्या भागात उसासारख्या बारमाही पिकाला ठिबक किंवा तुषार केल्याशिवाय कालव्याचं पाणी नाही. आणि जमीन घेताना कमाल जमीन धारणा कायदा विसरू नका, बारमाही पाण्याच्या जमिनीला मर्यादा १८ एकर आहे, कोरडवाहूला ५४, म्हणजे पाण्याखालच्या रानाचा हिशोबच वेगळा.

आता थकबाकी. सगळ्यात जास्त त्रास मला इथं झाला म्हणून सविस्तर सांगतो.

आमचा गट सामाईक, सातबाऱ्यावर आजोबांच्या मागं वडील आणि चुलते. मी दरवर्षी आमच्या हिश्श्याची पट्टी भरत होतो, पावत्या फाइलला लावलेल्या. एका रब्बीला अर्ज नामंजूर होऊन आला, कारण काय तर थकबाकी. शाखेत जाऊन रजिस्टर उघडायला लावलं तर आमच्या गटापुढं लाल शाईनं लिहिलेलं, बिगरअर्जी ऊस, ४० आर. चुलत्यांनी मागं एकदा अर्ज न देता उसाला पाणी घेतलं होतं, त्याचा पंचनामा झाला, दंडाची आकारणी गटावर बसली आणि घरात कुणाला त्याचा पत्ताच नाही. वर अजून बघितलं तर तेच ४० आर पुढच्या हंगामात दोनदा धरलेलं, एकदा मंजूर म्हणून, एकदा बिगरअर्जी म्हणून. तिकडं ज्वारी पोटऱ्यात आलेली, काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा, आणि मी इकडं नकला मागत फिरतोय. दुबार आकारणी लेखी अर्ज देऊन कमी करून घेतली, खरी निघाली ती चुलत्यांनी आणि मी मिळून भरली, पण एक पाळी हातची गेली ती गेलीच. त्या वर्षी कणसं भरलीच नाहीत.

म्हणून कळकळीनं सांगतो, स्वतःची पावती आहे म्हणून बिनधास्त राहू नका. पाणीपट्टीची थकबाकी जमीन महसुलासारखी वसूल होते आणि शाखेत हिशोब बघतात तो गटाचा, तुमच्या चांगुलपणाचा नाही. जाहिरात निघायच्या महिनाभर आधी आपल्या गटाचा खातेउतारा मागा, हंगामवार, आणि घरी बसून पावत्यांशी एकेक ओळ ताडून बघा. पावतीवर गट नंबर आणि हंगाम नसेल तर तिथंच उभं राहून लिहून घ्या. पाणीपट्टीच्या रकमेवर २० टक्के स्थानिक उपकर असतो, तो वेगळा दिसला म्हणून घाबरू नका. तक्रार असली तर तोंडी अजिबात बोलू नका, दोन प्रती करा आणि एकीवर आवक नंबरचा शिक्का घ्या. सगळं मिटलं की निरंक दाखला, म्हणजे काही बाकी नाही असा दाखला, घ्याच. आणि लाभक्षेत्रातली जमीन विकत घेणार असाल तर खरेदीखताच्या आधी हा दाखला विकणाऱ्याकडनं मागा, नंतर कुणी दारात उभं करत नाही.

मयताच्या नावावर अर्ज देऊ नका, आधी वारस नोंद लावा. सामाईक खात्याला बाकीच्यांची संमती जोडा, सख्खे भाऊ असले तरी.

अर्ज सात नंबरचा, सोबत चालू सातबारा आणि आठ अ, क्षेत्र २० आरच्या पटीत. मुदतीच्या आत द्या, पोच घ्या.

मंजुरी आली की पास घ्या, शेतचारी साफ करा. पाळी किती आणि कधी हे कालवा सल्लागार समितीत ठरतं, धरण मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यात, गेलं की मंजुरी असूनही उन्हाळ्याचं कोण सांगणार, त्यामुळं उन्हाळी पिकाचं क्षेत्र बेतानं मागा. पाळीपत्रकात आपला वार आणि तास बघून ठेवा, रात्रीचा असला तरी स्वतः दारावर जा. आणि मोजणीदार पीक मोजायला येईल त्या दिवशी गावाला जाऊ नका, त्यानं वहीत किती आर लिहिलं ते बांधावरच वाचून घ्या.