थायरॉइड, लोह, बी-१२: ताटाइतकंच घड्याळही सांभाळा

अंग मोडून येणं, केस गळणं, पाळी पुढे-मागे होणं, दुपारी पेंग येणं. ही लक्षणं थायरॉइडची असतात, लोह कमी पडल्याची असतात, आणि कधी नुसत्या अपुऱ्या झोपेचीही. त्यामुळे अंदाजाने मल्टिव्हिटॅमिनची बाटली आणण्यात अर्थ नाही. शिवाय अनेक घरांत जेवण ठीकच असतं, घोळ असतो तो वेळांचा.

१. आधी रक्त तपासा

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ आणि व्हिटॅमिन डी एवढ्यावर सुरुवात होते. नुसतं हिमोग्लोबिन पाहून थांबू नका. लोहाचा साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर उतरतं. म्हणून १२ हिमोग्लोबिन असूनही जिना चढताना धाप लागू शकते. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर साठा संपत आलाय असं समजा. मात्र ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन उगाच वर दिसतं, तेव्हा आजारातून उठल्यावर दोन आठवडे थांबा.

केसांसाठी बायोटिन चालू असेल तर निदान दोन दिवस आधी बंद ठेवा, नाहीतर थायरॉइडचे आकडे चुकतात. थायरॉइडची गोळी त्या दिवशी रक्त दिल्यावर घ्या. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांनी पाळी सुटल्या-सुटल्या लॅब गाठू नये. जागरणाने टीएसएच वाढतं. सुट्टीच्या दिवशी, नीट झोप झाल्यावर सकाळी जा.

पुरुषांत किंवा पाळी थांबलेल्या बाईत लोह कमी निघालं, तर पालक-गुळावर न थांबता डॉक्टरांकडे जा. पोटात कुठे रक्त जातंय का, हे बघावं लागतं.

२. झोपेची वेळ बांधा

झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन उतरतं. रात्री अकराला फरसाणाचा डबा उघडला जातो तो त्यामुळेच. उठायची वेळ रोज एकच ठेवा, रविवारीही. दुपारी चारनंतर चहा नको. रात्रपाळीवाल्यांनी घरी येताना गॉगल लावावा, खिडकीला जाड पडदा लावावा आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा.

३. गोळ्यांची वेळ ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, फक्त पाण्याबरोबर. चहा-नाश्ता त्यानंतर अर्धा ते एक तासाने. लोह आणि कॅल्शियम त्या गोळीपासून चार तास लांब, कारण दोन्ही तिला पोटात धरून ठेवतात. सोयाही तिच्या आसपास नको. साधी मांडणी अशी: सहाला थायरॉइड, सातला चहा, अकराला लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियम रात्रीच्या जेवणासोबत.

लोहाच्या गोळीने शौचाला काळं होणं नेहमीचं आहे. मळमळत असेल तर गोळी बंद करू नका. एक दिवसाआड चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. अनेकांना ते जास्त सोसवतं आणि लोहही चांगलं शोषलं जातं.

४. मग ताट

रविवारची मिसळ बघा. मोड आलेल्या मटकीत लोह आहे, वर पिळलेल्या लिंबाने ते शोषायला मदत होते, आणि मग लगेच येतो चहा! चहातलं टॅनिन त्या लोहाला बांधून टाकतं. चहा तासाभराने घ्या, एवढंच. पेरू, आवळा, कोशिंबिरीवर लिंबू यांची सोबत डाळी-पालेभाज्यांना रोज असू द्या आणि भाजी लोखंडी कढईत करा. बिटाची ख्याती मात्र रंगामुळे आहे, लोह त्यात बेताचंच.

कॅल्शियमसाठी पेठ-सुरगाण्याची नागली, म्हणजे नाचणी, उत्तम: १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. नुसतं पीठ न आणता मोड आणून घ्या, कारण खनिजं अडवणारं फायटेट त्याने कमी होतं. नागली तीन-चार पाण्यांनी धुऊन रात्रभर भिजवा, निथळून सुती कापडात घट्ट बांधा. दिवस-दीड दिवसात पांढरे मोड दिसतात. थंडीत जास्त वेळ लागतो. आंबूस वास आला तर पाणी नीट निथळलेलं नाही, ती टाकून द्या. सावलीत खडखडीत वाळवून, मंद भाजून दळा. आंबिलीसाठी दोन मोठे चमचे पीठ अर्धी वाटी गार पाण्यात कालवून दोन वाट्या उकळत्या पाण्यात सोडा आणि सात-आठ मिनिटं ढवळत शिजवा. थेट गरम पाण्यात पीठ टाकलं की गुठळ्या ठरलेल्या. कोमट झाल्यावर ताक, मीठ, जिरेपूड घाला. आधी घातलं तर ताक फाटतं. ही आंबील संध्याकाळी घ्या, लोहाच्या गोळीपासून दूर.

उपवासाला साबुदाण्यात स्टार्चशिवाय फारसं काही नाही. भगर, राजगिरा, दाणे आणि दही घ्या. सैंधव मिठाची टूम घरात शिरली असेल तर जपून. त्यात आयोडिन नगण्य असतं. कोबी-फ्लॉवर शिजवून खायला थायरॉइडवाल्यांनी घाबरायचं कारण नाही.

५. जे ताटातून भरत नाही

बी-१२ डाळी-भाज्यांत नसतं. रोजची गरज सुमारे २.२ मायक्रोग्रॅम, आणि कपभर दुधातून मिळतं साधारण १. शाकाहारी माणसाची पातळी खूप उतरली असेल तर गोळ्या किंवा इंजेक्शन लागतं. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) किंवा पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी वर्षातून एकदा बी-१२ तपासावं. हातापायाला मुंग्या येत असतील तर वाट बघू नका, आणि नुसतं फॉलिक ॲसिड घेऊ नका. त्याने रक्त सुधारलेलं दिसतं, नसांची हानी मात्र चालूच राहते.

डी साठी ऊन अंगावर थेट हवं, काचेआडून उपयोग नाही. ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे, जेवणानंतर. ती वर्षभर चालू ठेवली तर रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, मुतखडा असे त्रास होतात.

६. पुन्हा तपासणी

टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी, त्याआधी आकडा स्थिरावत नाही. हिमोग्लोबिन महिन्याभरात चढू लागतं, पण साठा भरायला त्यानंतर आणखी तीन महिने गोळी लागते. फेरिटिन त्यानंतर, शक्यतो त्याच लॅबमध्ये करा. गरोदर असाल, छातीत धडधडत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर यातलं काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा.