दुधाच्या जनुकाने मधुमेह होत नाही: जी-वासमधल्या या चुका टाळा

जी-वास म्हणजे आजार असलेले (केस) आणि नसलेले (कंट्रोल) यांच्या जीनोममधले लाखो फरक (व्हेरिएंट) ताडून आजाराशी जोडलेले फरक शोधणं. ते शिकायला ऐरोलीत आमच्याकडे दर उन्हाळ्यात दोन-तीन नवी मुलं येतात. हुशार असतात. पहिल्या आठवड्यात प्लिंक हे सॉफ्टवेअर चालवतात, दुसऱ्या आठवड्यात मॅनहॅटन प्लॉट काढतात (या आलेखात आजाराशी ठळक संबंध असलेला व्हेरिएंट टॉवरसारखा उभा राहतो) आणि तिसऱ्या आठवड्यात पेपर कुठे पाठवू म्हणून विचारतात. सॅम्पल आले कुठून, हे विचारायला मात्र कुणाला सवड नसते.

केस एका गावच्या, कंट्रोल दुसऱ्या गावचे

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता रागही येत नाही. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा टाइप २ मधुमेहाचा डेटा घेऊन बसला होता. एके दुपारी धावत आला. "मॅडम, क्रोमोसोम २ वर टॉवर आलाय!" बघते तर लॅक्टेजचा व्हेरिएंट. मोठेपणीही दूध पचवायची क्षमता देणारा. त्याने दूध आणि मधुमेहाचा संबंध सांगणारा परिच्छेदही लिहून ठेवला होता, आणि खोटं कशाला बोला, परिच्छेद झकास होता.

"केस कुठल्या रे?"

"वाशीचं एक क्लिनिक."

"आणि कंट्रोल?"

"दिवाळे, सारसोळेची शिबिरं."

झालं. वाशीच्या त्या यादीत पंजाबी आणि गुजराती आडनावांची रांग होती. शिबिरांत बहुतेक आगरी-कोळी घरं. लॅक्टेजचा हा व्हेरिएंट भारतात वायव्येकडे जास्त आणि दक्षिण-पूर्वेकडे जाताना कमी होत जातो. त्याच्या टॉवरने मधुमेह नव्हे, क्लिनिकचा पत्ता शोधून काढला होता. लॅम्डा, म्हणजे सगळे निकाल मिळून किती फुगलेत त्याचं माप, १.३८ होता. तो १ च्या आसपास हवा, एवढं त्याला पाठ होतं. पण टॉवर दिसल्यावर लॅम्डा कोण बघतो?

"पीसीए टाकतो ना, मॅडम." म्हणजे माणसांमधले जनुकीय फरक मोजक्या घटकांत मांडून समाजांमधला फरक वजा करायचा. टाक बाबा. २००६ पासून सगळे टाकतात, मीही टाकते. पण इथे पहिल्याच घटकावर केस एका बाजूला आणि कंट्रोल दुसऱ्या बाजूला पडले. घटक मॉडेलमध्ये घातले तेव्हा लॅक्टेजचा टॉवर गेला, आणि मधुमेहाचा खरा संकेत काही असलाच तर तोही गेला. सुक्याबरोबर ओलंही जळालं. समाज आणि आजार एकमेकांत असे गुंतले की कुठलंच सॉफ्टवेअर ते सोडवत नाही. पीसीएच्या आधी एकमेकांशी जोडलेले व्हेरिएंट छाटायचे आणि क्रोमोसोम ६ वरचा एचएलएचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या जनुकांचा पट्टा काढायचा, हेही बरेच जण विसरतात. मग घटक माणसांचा नकाशा न दाखवता त्या एका पट्ट्याचीच गोष्ट सांगत बसतो.

माझी सवय जुनाट आहे. कोड उघडण्याआधी केस आणि कंट्रोलच्या याद्या शेजारी ठेवून गाव, मातृभाषा, वय, सॅम्पल घेतल्याची तारीख डोळ्यांनी वाचते. मुलं हसतात. हसू देत.

केस या प्लेटवर, कंट्रोल त्या प्लेटवर

२०१० साली सायन्समध्ये शंभरी गाठलेल्या लोकांच्या जनुकांवरचा एक गाजलेला पेपर आला आणि २०११ मध्ये मागे घ्यावा लागला. व्हेरिएंट वाचायच्या चिप वेगवेगळ्या वापरल्या होत्या, त्यांतली एक काही व्हेरिएंट चुकीचे वाचत होती, आणि ती दोन्ही गटांत सारखी वाटली गेली नव्हती. म्हणून मी सॅम्पल ठेवायच्या प्रत्येक प्लेटवर केस आणि कंट्रोल मिसळूनच बसवते. शिवाय आजार बाजूला ठेवून नुसते एका प्लेटचे कंट्रोल दुसऱ्या प्लेटच्या कंट्रोलशी लढवते. तिथे टॉवर उगवला तर तो व्हेरिएंट कचऱ्यात.

बाकीच्या, भराभर

०.०५ ची पी-व्हॅल्यू (नुसत्या योगायोगाने एवढा फरक दिसायची शक्यता) इथे चालत नाही. दहा लाख चाचण्यांत नुसत्या योगायोगाने पन्नास हजार "शोध" लागतील. उंबरा ०.०००००००५ चा आहे. "अगदी थोडक्यात हुकलं" म्हणजे हुकलंच.

शिबिराला अख्खी भावकी येते, वर मामाच्या मुलीशी झालेली लग्नं. नाती मोजा. एक तर जवळचे नातेवाईक काढा, नाहीतर नाती धरणारं मिश्र मॉडेल वापरा.

हार्डी-वाइनबर्गची, म्हणजे जनुकप्रकारांचं प्रमाण अपेक्षेप्रमाणे आहे का हे बघणारी कडक चाळणी कंट्रोलवर लावा. केसवरही तशीच लावली तर खरा संकेतच चाळून टाकाल.

जीनोमच्या संदर्भ-नकाशाची ३७ वी आवृत्ती आणि ३८ वी एकत्र करू नका. ए-टी आणि सी-जी अक्षरांच्या जोड्यांत डीएनएचा धागा उलटला तरी कळत नाही, कारण ही अक्षरं एकमेकांसमोरच बसतात. वारंवारिता निम्म्याजवळ असेल तर मी अशा जोड्या सरळ टाकून देते.

जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडू नका. मार्च१ या जनुकाची तारीख होते. या छळापायी २०२० मध्ये जनुकांची नावंच बदलावी लागली, माणसं काही बदलली नाहीत.

व्हेरिएंटच्या सर्वांत जवळचं जनुक हेच गुन्हेगार, असं धरू नका. टपालपेटी ज्याच्या दारासमोर, सगळी पत्रं त्याचीच असं कुठे असतं? लठ्ठपणाचा एफटीओ जनुकामधला व्हेरिएंट २००७ मध्ये सापडला. पुढे त्याचा धागा बऱ्याच दूरच्या आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ या जनुकांपर्यंत गेला.

आणि युरोपियन डेटावर बसवलेला जोखमीचा स्कोअर नौपाड्यातल्या काकूंना टक्क्यांत सांगू नका. अंदाज तिथल्याइतका इथे लागत नाही.

त्या मुलाचं पुढे काय झालं? नवे कंट्रोल त्याच क्लिनिकमधून घेतले: हाड मोडून आलेले, पंचेचाळिशी ओलांडलेले, एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी) ५.७ टक्क्यांच्या खाली. वयाची अट मी हट्टाने घातली, कारण पंचविशीतला कंट्रोल हा पुष्कळदा उद्याचा पेशंट असतो. सात महिने गेले. लॅम्डा १.०२ आला. टॉवर एकही नाही. टीसीएफ७एल२ या मधुमेहाशी जोडलेल्या जनुकाचा संकेत तेवढा दिसला, उंबऱ्यापर्यंत न पोचलेला, पण दिशा तीच, जी २००७ मध्ये पुण्याच्या पेशंटमध्ये दिसली होती. मुलाचं तोंड एवढंसं झालं. मी सगळ्यांना चहा सांगितला.