लाइक वापरून मराठी गावं शोधताना

लाइक म्हणजे दिलेल्या नमुन्याशी जुळणारा मजकूर शोधणारी एसक्यूएलची अट. शेतकऱ्यांचं टेबल तयार आहे, त्यात गावाचा रकाना आहे, सिलेक्ट आणि व्हेअर लिहिता येतं, असं धरून चालतो. कीवर्ड अर्थातच रोमन लिपीत टाइप करायचे. उदाहरणं मायएसक्यूएलची आहेत.

नमुन्यात टक्क्याचं चिन्ह म्हणजे काहीही, कितीही, अगदी काहीच नसलं तरी. सोपं आहे. फक्त गाव लाइक 'पिंपळगाव%' लिहून मोकळे होऊ नका. नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंतबरोबर पिंपळगाव बहुला, पिंपळगाव खांब आणि इगतपुरीकडचं पिंपळगाव मोरही हजर होतं. '%गाव' लिहूनही मालेगाव सापडलं नाही, तर कुणीतरी नावाच्या शेवटी स्पेस सोडलेली असणार. ट्रिम लावा.

आता अंडरस्कोअर. "एक अंडरस्कोअर म्हणजे एक अक्षर" हे वाक्य जिथे तिथे वाचायला मिळतं आणि मराठीसाठी ते साफ चुकीचं आहे. मी त्यावर विसंबून तीन अक्षरी गावांसाठी '___' लिहिलं. यादीत आलं ओझर, आणि त्याच्या जोडीला पेठ! येवला नाही, निफाड नाही, खुद्द नाशिक नाही. दुपारभर मी डेटा एन्ट्री करणाऱ्या पोराला बोल लावत होतो. त्याची काही चूक नव्हती.

डेटाबेस अक्षरं मोजत नाही, युनिकोडचे कोड मोजतो. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, प्रत्येकाचा कोड वेगळा. पेठ म्हणजे प, मात्रा, ठ: झाले तीन. नाशिक पाच. सिन्नर सहा, कारण वेलांटी आहे आणि जोडाक्षरात हलन्त लपलेला आहे. बोटांवर मोजू नका, आधी कॅर लेंग्थ (CHAR_LENGTH) चालवून बघा. नुसतं लेंग्थ नको. मायएसक्यूएलमध्ये ते बाइट मोजतं आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा एकेक कोड ३ बाइटचा, म्हणजे पेठ थेट ९. माझं मत विचाराल तर मराठी नावांसाठी अंडरस्कोअर वापरूच नये. तो ठरावीक लांबीच्या कोड नंबरांसाठी ठेवा.

याहून छळणारा प्रकार म्हणजे ऱ. सुरगाण्याकडचं बाऱ्हे घ्या. कुणी एकाच कोडचा ऱ टाइप करतं, कुणाचा कीबोर्ड र आणि नुक्ता देतो, कुणाचा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. स्क्रीनवर तिन्ही हुबेहूब सारखी, लाइकला मात्र तीन वेगळी गावं. अशा वेळी 'बा%हे' लिहून सगळी रूपं बाहेर काढा, नको असलेली नावं डोळ्यांनी गाळा, मग अपडेट आणि रिप्लेसने एकच रूप ठेवा. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांना आवृत्ती १३ पासून अशी रूपं एक करणारं नॉर्मलाइझ मिळतं, पण ते नुक्त्यापुरतं. जोडक तसाच राहतो, तो हातानेच काढावा लागतो.

सुरुवातीलाच टक्का टाकला तर शोध जलद करणारा साधा इंडेक्स कामी येत नाही. काही हजार ओळींत ते जाणवतही नाही.

आणि नॉट लाइक लिहिताना गावाचा रकाना नल, म्हणजे काहीच न भरलेला, असलेल्या ओळी गुपचूप गळतात. त्या हव्या असतील तर ऑर लावून 'गाव इज नल' ही अट जोडा, आणि दोन्ही अटी मिळून कंसात घाला. कंस विसरलात तर पुढे अँडने जोडलेली तालुक्याची अट फक्त शेवटच्या अटीला लागेल आणि मालेगावचे शेतकरी निफाडच्या यादीत दिसतील.