रोहिणी ते मृग: ऑर्किडच्या मुळांकडे लक्ष ठेवा

रोहिणी नक्षत्रात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि मृग लागला की हवा दमट होते. ऑर्किडला हे दोन्ही लागोपाठ सोसावं लागतं. शेडनेटमध्ये डेंड्रोबियम असो की ओसरीला टांगलेला व्हँडा, माझ्या मते खानदेशात ही झाडं उन्हाने कमी दगावतात. जास्त मरतात ती मे महिन्याच्या सवयीने जूनमध्येही चालू राहिलेल्या पाण्याने.

पाणी कधी द्यायचं हे घड्याळ बघून ठरवू नका, मूळ बघा. ऑर्किडच्या मुळावर स्पंजासारखं आवरण असतं. ते कोरडं असताना चंदेरी-पांढरं दिसतं आणि पाणी शोषलं की हिरवट होतं. कुंडीबाहेर आलेली मुळं पांढरी झाली की पाणी द्या, हिरवी असतील तर हात आवरा. शंका असेल तर एक मूळ चिमटीत हलकेच दाबा. निरोगी मूळ टणक लागतं. कुजलेल्याचं आवरण ओल्या सालीसारखं निसटतं आणि हातात नुसता दोरा राहतो. असं झाड पाण्यातच उभं असलं तरी पानं सुरकुततात, कारण शोषायला मुळंच उरलेली नसतात. पानं सुकली म्हणून आपण आणखी पाणी ओततो आणि उरलीसुरली मुळंही घालवतो.

उन्हाळ्यात मात्र हयगय चालत नाही. ७५ टक्के शेडनेट, पश्चिमेच्या बाजूला ओलं गोणपाट आणि दुपारी झाडांऐवजी जमिनीवर पाणी मारणं, एवढ्याने आतली हवा बरीच निवते. माध्यमाविना टोपलीत टांगलेल्या व्हँडाला या दिवसांत रोज दोन-तीनदा पाणी लागतं. कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भरलेल्या डेंड्रोबियमच्या कुंडीला सकाळचं एक पाणी पुरतं, फार झालं तर दुपार कलल्यावर हलकी फवारणी. उन्हात पडलेल्या काळ्या नळीतलं पाणी अक्षरशः भाजतं. ते आधी बाहेर सोडून द्या आणि गार लागलं की मगच झाडांकडे वळवा.

रावेर-यावलच्या केळी बागायतदारांना एक आगाऊ सूचना. केळीच्या झाडाला आपण २०० ग्रॅम नत्र देतो, त्या हाताने ऑर्किडला खत घालू नका. १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, तेही आधी साधं पाणी देऊन. मुळांची टोकं काळी पडली किंवा कुंडीच्या काठावर पांढरा थर जमला तर क्षार साचलेत असं समजा आणि भरपूर साध्या पाण्याने माध्यम धुऊन काढा. आपल्याकडच्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, २०० पीपीएमच्या खाली असतील तर उत्तम. स्लॅबवरचं किंवा पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत धरून ठेवा, पण पहिली सर वाहून जाऊ द्या. मातीच्या धाब्याच्या छतावरून येणारं पाणी गढूळ असतं, ते नको.

मृगाचा पाऊस झाला की पाणी निम्म्यावर आणा आणि कुंड्यांमधलं अंतर वाढवा. फॅलेनोप्सिसच्या पोग्यात, म्हणजे मधल्या पानांच्या बेचक्यात, पाणी साचलं तर कापसाने टिपून घ्या, नाहीतर झाड मधूनच सडतं. पानावर किंवा कोंबावर काळा, ओलसर डाग भराभर पसरत असेल तर ती काळी सड. निरोगी भागापर्यंत कापा आणि मेटालॅक्झिल-मॅन्कोझेब हे संयुक्त बुरशीनाशक लिटरला दोन ग्रॅम फवारा. डाळिंबासाठी आणलेलं ताम्रयुक्त औषध घरात पडलंय म्हणून डेंड्रोबियमवर मारू नका, कोवळे कोंब जळतात.

माध्यम बदलायचं असेल तर हवा जरा निवल्यावर, नवीन कोंबाच्या बुडाशी मुळांचे हिरवे ठिपके दिसू लागले की. सोडणाचे तुकडे दोन वर्षांत कुजून भुगा होतात आणि मुळांची हवा कोंडते. नवे तुकडे दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवा. माती अजिबात नको. मेलेली मुळं कापा, कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावा आणि एखादा दिवस कोरडं ठेवा. डेंड्रोबियमच्या पानं गळालेल्या जुन्या कांड्या मात्र कापण्याची घाई नको. त्यांच्यात साठवलेल्या अन्नावरच नवा कोंब पोसतो. पिवळी पडून पोकळ झाली की मग काढा.

सातपुड्यात आंब्या-मोहावर वाढणारी आमरी, म्हणजे रानातलं ऑर्किड, काहीजण बांडगूळ समजून उपटतात. ती झाडाचा रस शोषत नाही, नुसता आधार घेते. ती जंगलातून आणूही नका. रोपवाटिकेतली टिश्यू कल्चरची रोपं आपल्या शेडमध्ये जास्त चांगली रुळतात.

कोरड्या हवेत पानाच्या खाली लाल कोळी वाढतो, पान चंदेरी-खरबरीत दिसतं. सकाळी पानाच्या खालून पाण्याचा फवारा मारला तरी बराच आटोक्यात येतो. पारा ३५च्या वर असताना गंधक फवारू नका. आणि कात्री प्रत्येक झाडानंतर ज्योतीवर धरा. केळीत सीएमव्ही या विषाणूने काय केलं ते आपण पाहिलंय, तो माव्यामार्फत पसरतो. ऑर्किडचे नेहमीचे विषाणू मात्र मुख्यतः कात्रीवरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातात, आणि लागण झालेल्या झाडाला औषध नाही, ते जाळूनच टाकावं लागतं.