प्रोटॉन कॅप्चर मोजायचंय? मॉलिब्डेनमपासून सुरू करा

लोखंडाच्या पलीकडची बहुतेक मूलद्रव्यं ताऱ्यांत न्यूट्रॉन गिळत गिळत तयार होतात, पण पस्तीसेक आयसोटोप त्या वाटेनं होतच नाहीत, त्यांना पी-न्यूक्लाय म्हणतात, आणि ते किती बनतात हे काढायला प्रोटॉन कॅप्चरचे, म्हणजे केंद्रकानं प्रोटॉन गिळण्याचे, क्रॉस सेक्शन (ती प्रक्रिया घडण्याची शक्यता) लागतात. गोव्यातल्या एमएस्सीवाल्यांनी पहिल्या प्रोजेक्टला मॉलिब्डेनम-92 घ्यावं असं माझं मत. प्रोटॉन आत शिरला की टेक्नेशियम-93 होतं, हाफ-लाइफ 2.75 तास, आणि 1363 केईव्हीचा ठसठशीत गॅमा. नैसर्गिक मॉलिब्डेनममधे हा आयसोटोप जेमतेम 15 टक्के, तरी महागडं एनरिच्ड (त्याच आयसोटोपचं प्रमाण वाढवलेलं) टार्गेट नको, कारण पुढे दिलेल्या एनर्जीला बाकीच्या आयसोटोपांपासून टेक्नेशियम-93 बनतच नाही. टेक्नेशियम-95 च्या नादी मात्र लागू नका, ते मॉलिब्डेनम-94 मधे प्रोटॉन शिरूनही होतं आणि मॉलिब्डेनम-95 मधे प्रोटॉन शिरून न्यूट्रॉन उडाला तरीही.

एनर्जी कुठली? 3 अब्ज केल्विनला गॅमो विंडो, म्हणजे ताऱ्यात ही प्रक्रिया मुख्यतः ज्या एनर्जीला होते तो पट्टा, साधारण 3 एमईव्हीला बसते, म्हणून 2 ते 4 एमईव्ही. ट्रॉम्बेच्या फोटिया या ॲक्सिलरेटरसारख्या मशिनला हे आरामात जमतं.

बीम टाइम, म्हणजे मशिन वापरायची वेळ, मिळायच्या आधी डिटेक्टरशी मैत्री करा. एचपीजीई (अतिशुद्ध जर्मेनियमचा गॅमा डिटेक्टर) घ्या, बाहेर काहीच सोर्स न ठेवता रात्रभर बॅकग्राउंड घ्या. पोटॅशियम-40 ची 1461 आणि थोरियम साखळीची 2614 ची रेघ दिसेलच, पण नजर ठेवायची ती 1378 वर, बिस्मथ-214 ची, आपल्या पीकपासून फक्त 15 केईव्हीवर. जर्मेनियम दोन्ही सुटे दाखवतं, सोडियम आयोडाइडच्या डिटेक्टरमधे सगळा काला होतो. मग युरोपियम-152 च्या सोर्सनं एफिशियन्सी, म्हणजे डिटेक्टर किती गॅमा पकडतो ते, काढा, आणि डिटेक्टरला टार्गेट चिकटवून मोजणार असाल तर समिंग करेक्शन (दोन गॅमा एकदम पकडले जाऊन एकच मोजले जातात, त्याची दुरुस्ती) विसरू नका, सिझियम-137 ची एकच रेघ असते त्यामुळे तिथे ताडून बघता येतं. पावसाळ्यात डिवॉर (डिटेक्टर थंड ठेवणारं द्रव नायट्रोजनचं भांडं) आणि केबलवर पाणी सुटतं, प्रीअँप (डिटेक्टरला जोडलेला सिग्नल वाढवणारा भाग) कोरडा ठेवा रे.

टार्गेट ॲल्युमिनियमवर पातळ थर देऊन करा, जाडी आरबीएसनं (थरावरून मागे उसळलेले आयन मोजून) आधी आणि नंतर दोन्ही वेळा मोजा, बीमखाली थर उडतो. इथे चूक झाली की पुढचं सगळं वाया.

इरॅडिएशन दोन-तीन हाफ-लाइफ पुरे, तीनला 87 टक्के सॅच्युरेशन होतं (बनणं आणि डीके होणं बरोबरीला येतं त्या कमाल पातळीच्या 87 टक्के), त्यापुढे बीम जाळण्यात अर्थ नाही. टार्गेटच्या आधी निगेटिव्ह व्होल्टेजची रिंग ठेवा, नाहीतर सेकंडरी इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि करंट फुगलेला दिसतो. चार्ज एकच एकूण आकडा म्हणून नको, मिनिटामिनिटाला नोंदवा, बीम मधेच पडतो-उठतो आणि तोवर बनलेलं डीके होतच असतं.

काउंटिंग तिथेच करा! टार्गेट घेऊन कोकणकन्येत बसायचा विचारही नको, परवानगीचा प्रश्न वेगळाच, पण मडगाव येईपर्यंत चारेक हाफ-लाइफ जाऊन सोळावा हिस्सा उरेल. सुरुवातीला 511 ची पीक भलतीच उंच दिसली तर घाबरू नका, टार्गेटवरच्या कार्बनपासून नायट्रोजन-13 होतं, 10 मिनिटांची हाफ-लाइफ. 1363 ची पीक 2.75 तासांनीच उतरतेय ना ते प्लॉट करून बघा.

शेवटी क्रॉस सेक्शन मायक्रोबार्नमधे येईल. त्याचा एस-फॅक्टर करा, म्हणजे प्रोटॉनला दूर ढकलणाऱ्या कूलोम्ब अडथळ्याचा उतार निघून जातो, आणि तो टॅलिससारख्या क्रॉस सेक्शन काढणाऱ्या कॉम्प्युटर मॉडेलच्या शेजारी मांडा. एनर्जी लिहिताना टार्गेटमधला एनर्जी लॉस वजा केलेली इफेक्टिव्ह एनर्जी लिहा, मशिनचा आकडा नव्हे.