बर्फात स्पोर्ट्स कार कशी चालवायची: इंदूरहून तिकडे गेलेल्या आपल्या पोरांसाठी

परवा सकाळी रामबागेत आमच्या घरी पोहे चालू होते आणि टोरांटोहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला, म्हणे आत्या बघ सेकंडहँड मस्टँग घेतली. तो खूश, आणि इकडे वहिनीचा चेहरा एकदम उतरला कारण तिकडे आता बर्फ सुरू होणार आणि ही गाडी मागच्या चाकांवर चालणारी. वहिनीने फोन माझ्या हातात दिला. मी अमेरिकेत मिनिआपोलिसला सहा हिवाळे काढलेत, तेही माझदा एमएक्स-५ मध्ये, दोन सीटची, बुटकी, रिअर व्हील ड्राइव्ह, मॅन्युअल गिअर, आणि रोज ऑफिसला तीच न्यायचे. म्हणून त्याला जे तासभर सांगितलं ते इथे लिहून ठेवतेय, कारण इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांतली पोरं आता कॅनडा-अमेरिकेत आहेत आणि पहिल्या पगारातून अशीच गाडी घेतात.

पहिली गोष्ट, गाडी विकायची अजिबात गरज नाही. पण टायर बदलायचेच, आणि चारही बदलायचे.

स्पोर्ट्स कारला कंपनीतून बऱ्याचदा समर टायर येतात, त्यांचं रबर गरम रस्त्यासाठी बनवलेलं असतं. साधारण ७ डिग्रीच्या खाली ते कडक व्हायला लागतं. ७ डिग्री म्हणजे काय ते इंदूरच्या माणसाला सांगायला नको, जानेवारीत पहाटे आपल्याकडे पारा तिथे आला की कॉलनीच्या गेटवर शेकोटी पेटते. म्हणजे बर्फ पडायची वाटसुद्धा बघायची नाही, आपली शेकोटीची थंडी आली की समर टायर गेले कामातून. आणि उणे ७-८ च्या खाली तर या टायरच्या रबराला तडे जाऊ शकतात, त्या थंडीत अशा टायरवर गाडी पार्किंगमधून हलवूही नका. माझ्या पहिल्या नोव्हेंबरमध्ये सिग्नलला जेमतेम २० च्या स्पीडने येत होते, ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही, तशीच घसरत चौकाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. समोरून कोणी नव्हतं म्हणून वाचले. दुसऱ्याच दिवशी टायर घेतले.

विंटर टायर ओळखायची खूण म्हणजे बाजूच्या रबरावर तीन शिखरांचा डोंगर आणि आत बर्फाचं फूल. नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर त्यावर जाऊ नका, त्या अक्षरांसाठी बर्फातली टेस्ट लागत नाही. कॅनडाच्या क्विबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्याने लागतातच, ऑन्टारिओत (टोरांटो तिथलंच) सक्ती नाही पण लावले तर इन्शुरन्सवाल्यांना डिस्काउंट द्यावा लागतो, तो मागून घ्या. मागची चाकं गाडी ढकलतात म्हणून फक्त मागे दोन लावायचे, ही चूक खूप जण पैसे वाचवायला करतात, मग गाडी निघते छान पण वळत नाही आणि थांबत नाही, कारण ब्रेकचं जास्त काम पुढची चाकं करतात. अजून एक, बर्फात रुंद टायर वाईट. रुंद टायर बर्फावर तरंगतो, अरुंद टायर बर्फ कापून खाली रस्त्यापर्यंत पोचतो. म्हणून हिवाळ्यासाठी एक-दोन इंच लहान रिमचा वेगळा सेट घ्यायचा, टायर अरुंद आणि साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, उंच, त्यामुळे बर्फाखाली लपलेल्या खड्ड्यात रिमही वाकत नाही. फक्त ते रिम ब्रेकच्या कॅलिपरवर (चाकाच्या आत डिस्क दाबून धरणारा भाग) बसतं का ते आधी विचारून घ्या, मोठ्या ब्रेकच्या गाडीत अडचण येते. नवीन विंटर टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते, ४ च्या खाली गेली की बर्फात तो टायर धरू नका.

हवा दर आठवड्याला बघा. तापमान ५-६ डिग्रीने उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होते, म्हणजे २० डिग्रीच्या गॅरेजमध्ये भरलेली हवा बाहेर उणे १५ मध्ये सहा पीएसआयने कमी दिसणार.

आता चालवायचं कसं. बऱ्याच नव्या मस्टँगमध्ये स्नो-वेट मोड असतो, असेल तर तो लावून ठेवायचा, अॅक्सिलरेटर त्यात मऊ होतो. मॅन्युअल असेल तर सपाटीवर सेकंड गिअरमध्ये क्लच हळू सोडून उचला. बर्फात हात-पाय तिन्ही कामं एकेक करून करतात: आधी सरळ रेषेत ब्रेक, मग ब्रेक सोडून वळण, मग गाडी सरळ झाली की अॅक्सिलरेटर. दोन एकत्र केली की टायरला दोन्हीला पुरेल एवढी पकड नसते. पुढच्या गाडीपासून आठ-दहा सेकंदांचं अंतर. इंदूरमध्ये एवढं अंतर ठेवलं तर मध्ये चार स्कूटर आणि एक टाटा मॅजिक घुसेल, तिकडे सहसा नाही घुसत.

आणि हे नीट वाचा, कारण आपल्याकडची चांगली सवय तिकडे घात करते. खंडवा रोडला भेरूघाट उतरताना आपल्याला वडिलांनी काय शिकवलं, ब्रेक तापवू नको, गिअर खाली टाक, इंजिनला गाडी धरू दे. बरोबरच आहे ते. पण आपल्याकडच्या बहुतेक घरच्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, इंजिनचा ब्रेक पुढच्या चाकांना लागतो. रिअर व्हील ड्राइव्हमध्ये तोच झटका फक्त मागच्या चाकांना लागतो, बर्फावर त्यांची पकड सुटते आणि गाडीचं मागचं अंग पुढे यायला बघतं, म्हणजे हँडब्रेक ओढल्यासारखं होतं. म्हणून उतारावर गिअर आधीच वर सपाटीला खाली टाकून घ्या, एका वेळी एकच, आणि क्लच सोडताना थोडा अॅक्सिलरेटर देऊन इंजिनचे आरपीएम (फिरण्याचा वेग) जुळवा. भाचा पाच वर्षं भेरूघाटात चालवून तिकडे गेलाय, त्याला मी सगळ्यात जास्त वेळ हेच सांगत बसले.

तरी मागून सुटलीच, तर ब्रेक नाही. अॅक्सिलरेटर हळू कमी करा, नजर जायचंय तिकडे, आणि मागचं अंग उजवीकडे चाललं असेल तर स्टीअरिंगही उजवीकडे, डावीकडे तर डावीकडे. पकड परत आली की स्टीअरिंग लगेच सरळ करायचं, ते तसंच धरून ठेवलं तर गाडी दुसऱ्या बाजूला फटकन फिरते. पुढची चाकं घसरत असतील, म्हणजे स्टीअरिंग वळवूनही गाडी सरळच चाललीय, तर जास्त वळवू नका, उलट थोडं कमी करा आणि पकड येण्याची वाट बघा. अचानक थांबायची वेळ आली तर ब्रेक घट्ट दाबून धरा, एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चालू झालं की पेडल पायाखाली थरथरतं, ते बिघडलेलं नसतं, सोडू नका.

हे वाचून येत नाही. पहिला चांगला बर्फ पडला की परवानगी घेऊन एखाद्या मोठ्या रिकाम्या पार्किंगमध्ये जा, जिथे दिव्याचे खांब आणि कठडे लांब असतील, आणि २०-२५ च्या स्पीडला मुद्दाम ब्रेक मारा, मुद्दाम घसरवा. मी दोन रविवार हेच केलं.

काळा बर्फ, म्हणजे ब्लॅक आइस, दिसत नाही, रस्ता नुसता ओला वाटतो. ओळखायची माझी पद्धत अशी, रस्ता ओला दिसतोय पण पुढच्या गाडीच्या चाकांमागे पाणी उडत नाहीये, मग तो बर्फ आहे. पूल आधी गोठतात कारण खालूनही थंड हवा लागते. आणि सगळ्यात निसरडं शून्याच्या आसपास असतं, उणे २० ला नाही, कारण शून्याजवळ बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो.

बुटक्या गाडीची मर्यादा मात्र मान्य करा. गाडीचं पोट जमिनीपासून पाच इंच आणि रस्त्यावर सहा इंच बर्फ असेल तर पुढचा बंपर बर्फ ढकलत जातो आणि गाडी पोटावर बसते, त्या दिवशी बस पकडा. अडकलात तर अशा वेळीच ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागेवर फिरायला लागलं की इंजिनची ताकद कमी करणारी यंत्रणा) बंद करायचा, चाकांखाली वाळू टाकायची (डिकीत एक पिशवी बांधून ठेवा, फावडंही), आणि हळूहळू पुढे-मागे झुलवत काढायची. मदतीची वाट बघत इंजिन चालू ठेवणार असाल तर आधी सायलेन्सरचं तोंड बर्फातून मोकळं करा, नाहीतर धूर आत येतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो, झोपेत माणूस जातो.

सकाळी काचेवर गरम पाणी ओतू नका, तडकते. मस्टँगसारख्या दाराला वरची फ्रेम नसलेल्या गाडीत दार उघडताना काच थोडी खाली सरकते, ती गोठली असेल तर हिसका देऊ नका, आधी कडेचा बर्फ सोडवा, रबराला आदल्या रात्री सिलिकॉन लावलेलं असेल तर हा प्रश्नच येत नाही. काच धुवायचं लिक्विड उणे ४० वालं भरा, इथून गेलेली पोरं साधं पाणी भरतात आणि पाइप फुटतो.

रस्त्यावर तिकडे मीठ टाकतात, ते गाडीचं खालचं लोखंड खातं. पारा शून्याच्या वर गेला त्या दिवशी खालून फवारा मारणाऱ्या वॉशमधून काढा, निदान दोन आठवड्यांतून एकदा. धुऊन झाल्यावर दारांची रबरं पुसा, आणि थोडं चालवून ब्रेक दोन-तीनदा दाबून वाळवा, नाहीतर रात्री गोठतात. त्या रात्री हँडब्रेकही लावू नका, सपाटीवर गाडी गिअरमध्ये टाकून ठेवा.

समर टायर परत एप्रिलमध्ये, पण कॅलेंडर बघून नाही. पहाटेचा पारा सलग आठ-दहा दिवस ७ च्या वर राहिला की मगच.